अन्नवस्त्र आणि वाटा

लातूरची गंजगोलाई असो वा नांदेडचे वजिराबाद, पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदलेल्या व्यापारी घरांत बहुधा एक खोली अशी असते, की तिच्याविषयी पाहुण्यांसमोर फारसे बोलले जात नाही. त्या खोलीत कुणाचा धाकटा भाऊ असतो, कुणाचे चुलते असतात, कुणाची अविवाहित राहिलेली आत्या असते. कुणाला जन्मतः दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाचे पाय लहानपणी पोलिओने गेलेले असतात, तर कुणाच्या बुद्धीची वाढ वयाबरोबर झालेली नसते. अशा व्यक्तीच्या जेवणाची वेळ घरात चुकत नाही. सणाला नवे कपडे येतात, औषधपाणी होते. मात्र दुकानाच्या पाटीवर, भागीदारीच्या कागदावर किंवा बँकेच्या खात्यावर तिचे नाव सहसा आढळत नाही. वाटणीचा दिवस उगवला की घरातील वडीलधारे म्हणतात, "त्याला वाटा घेऊन काय करायचंय? त्याचं आपण आयुष्यभर बघणारच आहोत." हे वाक्य मायेपोटी आलेले असते. परंतु त्याच्या मागे सुमारे दोन हजार वर्षांचा विचार उभा आहे, याची बोलणाऱ्यालाही कल्पना नसते.

अपंग व्यक्तीकडे आपल्या धर्मपरंपरांनी कसे पाहिले, या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'दयेने' किंवा 'तिरस्काराने' अशा एका शब्दात दिले जाते. प्रत्यक्ष ग्रंथ चाळले तर त्यांत दोन निरनिराळे प्रश्न हाताळलेले दिसतात. अशा व्यक्तीला सांभाळायचे कुणी, हा पहिला. आणि तिचा स्वतःचा हक्क कोणता, हा दुसरा. मराठवाड्याच्या भूमीवर शतकानुशतके नांदलेल्या हिंदू, बौद्ध आणि इस्लाम या तिन्ही परंपरांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ एकच दिले आहे. दुसऱ्या प्रश्नाशी मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

कल्याणीचा निर्णय

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्कातून वगळलेल्यांची यादी येते. नपुंसक, पतित, जन्मांध, बहिरा, वेडा, जडबुद्धी, मुका आणि एखादे इंद्रिय गमावलेला, अशा व्यक्तींना वडिलार्जित धनात वाटा नाही, असे तेथे सांगितले आहे. लगेच पुढच्याच श्लोकात स्मृतिकार बजावतो, की या सर्वांना शक्तीप्रमाणे जन्मभर अन्नवस्त्र दिलेच पाहिजे. न देणारा पापी ठरतो. त्यांनी विवाह केला तर त्यांच्या संततीला वाटा मिळतो, अशीही सोय आहे. आठव्या अध्यायात आणखी एक लक्षणीय नियम आहे. आंधळ्याला आंधळा किंवा लंगड्याला लंगडा म्हणून हिणवणाऱ्याला, त्याचे म्हणणे खरे असले तरी, किमान एक कार्षापण दंड करावा. अन्न आहे, मानाचे रक्षणही आहे. वाटा तेवढा नाही.

वाटा नाकारण्यामागचे कारण त्या काळच्या समजुतीत शोधावे लागते. धन हे यज्ञ, श्राद्ध आणि कुळधर्म चालविण्याचे साधन मानले जाई. ज्याला ही कर्मे विधिपूर्वक करता येत नाहीत त्याच्या हाती धन का द्यावे, असा तो युक्तिवाद होता. राजसिंहासनालाही हाच न्याय लावला गेला. धृतराष्ट्र थोरला असूनही केवळ अंधत्वामुळे त्याला डावलून राज्य पांडूला मिळाले. राजवाड्यात त्याला कशाचीही कमतरता नव्हती. परंतु नाकारलेल्या हक्काचा सल त्याच्या मनातून गेला नाही, आणि तो पुढे सर्व कुळाला किती महाग पडला हे महाभारताच्या वाचकास सांगावयास नको.

लातूर आणि नांदेडच्या वाचकांसाठी या इतिहासातील सर्वांत जवळचे पान म्हणजे मिताक्षरा होय. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ही टीका विज्ञानेश्वराने लिहिली ती चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या कारकिर्दीत (१०७६ ते ११२६), त्याच्या कल्याणी या राजधानीत. ही कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. निलंग्यापासून ते फार लांब नाही. भारताच्या बहुतेक भागांतील एकत्र कुटुंबांच्या मालमत्तेचा कायदा पुढे शेकडो वर्षे ज्या ग्रंथावर चालला, तो असा आपल्या उंबरठ्यावर लिहिला गेला. वेगळी रूढी सिद्ध झाल्याखेरीज ब्रिटिश न्यायालये जैन कुटुंबांनाही हाच कायदा लावीत असत.

विज्ञानेश्वराने जुनी यादी कायम ठेवली, पण तिच्या कडा घासून बोथट केल्या. दोष वाटणीपूर्वी उत्पन्न झालेला असेल तरच वाटा जातो; वाटणी होऊन ज्याचा हिस्सा वेगळा झाला आहे, त्याला नंतर अंधत्व आले म्हणून तो हिस्सा काढून घेता येत नाही, असे त्याने स्पष्ट केले. त्याहून पुढे जाऊन त्याने म्हटले, की औषधोपचाराने किंवा अन्य उपायाने दोष दूर झाला, तर वाटणीनंतरही अशा व्यक्तीस तिचा वाटा द्यावा. वाटणीनंतर जन्मलेल्या मुलाला जसा देतात तसा. म्हणजे हक्क नष्ट झालेला नसतो, तो थांबलेला असतो, ही जाणीव अकराव्या-बाराव्या शतकातील एका धर्मशास्त्रकाराला होती. विशेष म्हणजे मालकी ही लौकिक व्यवहारातून सिद्ध होते, असे मांडणाराही विज्ञानेश्वरच. मालकी लौकिक असेल तर यज्ञ न करू शकणाऱ्याचा वाटा का जावा, हा पुढचा प्रश्न मात्र त्याने विचारला नाही.

शास्त्राने जे दार बंद ठेवले ते कथांनी आणि भक्तीने अनेकदा उघडले. आठ ठिकाणी वाकलेल्या देहाचा अष्टावक्र जनकाच्या सभेत बंदीला वादात जिंकतो आणि पित्याची सुटका करतो. त्याचा देह सरळ होतो तो त्यानंतर. त्याची योग्यता त्याआधीच सिद्ध झालेली असते. शिवाय त्याचे व्यंग त्याच्या स्वतःच्या पापाचे फळ नव्हते. गर्भात असताना पित्याची पाठांतरातील चूक दाखविली, म्हणून रागावलेल्या पित्याने दिलेला तो शाप होता.

मराठवाड्याची स्वतःची कथा पैठणच्या कूर्मदासाची आहे. महिपतींनी भक्तविजयात सांगितल्याप्रमाणे हात-पाय नसलेला हा भक्त जमिनीवरून सरपटत पंढरीस निघाला. वाटेतील लोक त्याला खाऊ-पिऊ घालीत. एकादशी तोंडावर आली तेव्हा तो आजच्या माढा तालुक्यातील लऊळ गावापर्यंतच पोहोचला होता. त्याने वारकऱ्यांबरोबर निरोप धाडला आणि विठ्ठल स्वतः त्याच्या भेटीला लऊळला आला. वाटेतल्या लोकांनी कूर्मदासाला अन्न दिले ही दया झाली. देवाने मात्र त्याच्या भेटीच्या हक्कासाठी आपली विटेवरची जागा सोडली. लऊळला त्याची समाधी आजही आहे.

गोदाकाठचा पिंगिय

बौद्ध परंपरेचे चित्रही असेच दुपेडी आहे. संघात प्रवेश देताना काही बंधने होती. कुष्ठ, क्षय, अपस्मार यांसारखे पाच रोग जडलेल्यांना प्रव्रज्या देऊ नये, असा नियम विनयपिटकात आहे, आणि त्याची हकीकतही तेथेच दिली आहे. मगधात हे रोग पसरले असता जीवक वैद्याचे उपचार मिळावेत एवढ्यासाठी लोक भिक्षू होऊ लागले, तेव्हा खुद्द जीवकाच्या विनंतीवरून ही मर्यादा आली. पुढे अंध, बहिरे, मुके, कुबडे, लंगडे यांनाही संघप्रवेशातून वगळण्यात आले. भिक्षेवर चालणाऱ्या आणि पायी भटकणाऱ्या संघाची ती व्यावहारिक अडचण असेल. पण दार बंद झाले हे खरे.

संघाच्या आत मात्र निराळे दृश्य दिसते. अतिसाराने स्वतःच्या मळमूत्रात पडलेल्या एका भिक्षूला बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतः न्हाऊ घातले, आणि ज्याला आपली सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे भिक्षूंना सांगितले. राणी सामावतीची कुबडी दासी खुज्जुत्तरा ही तर बहुश्रुत उपासिकांमध्ये अग्रगण्य ठरली. ती बुद्धांचा उपदेश ऐकून येई, आणि राणी व तिच्या सख्या तिला उच्चासनावर बसवून तिच्याकडून तो शिकत. बुटक्या देहाचा लकुंटक भद्दिय मधुर वाणी असलेल्यांत पहिला गणला गेला.

सुत्तनिपातातील एक प्रसंग तर गोदावरीच्या काठचा आहे. अस्सक देशात गोदातीरी राहणाऱ्या बावरी नावाच्या आचार्याने आपले सोळा शिष्य बुद्धांकडे प्रश्न घेऊन पाठविले. त्यांत पिंगिय हा अतिवृद्ध होता. आपली दृष्टी मंद झाली आहे, ऐकूही नीट येत नाही, अशाच अवस्थेत भ्रमात मरण येऊ नये, असे त्याने बुद्धांपुढे सांगितले. बुद्धांनी त्याला वगळले नाही. तरुण शिष्यांना दिले तसे त्यालाही उत्तर दिले. परत आल्यावर तो बावरीला सांगतो, की शरीर थकल्यामुळे आपण बुद्धांजवळ जाऊ शकत नाही; पण डोळ्यांनी पाहावे तसे मनाने आपण त्यांना रात्रंदिवस पाहत असतो. नांदेडच्या घाटावरून वाहणारी नदी तीच आहे.

वारसांच्या यादीतील नाव

इस्लामी परंपरेचा आरंभच एका अंध माणसाच्या प्रसंगाने उजळलेला आहे. पैगंबर मक्केतील प्रतिष्ठितांशी बोलण्यात गुंतले असता अब्दुल्ला इब्न उम्म मक्तूम हे अंध गृहस्थ काही विचारण्यास आले. पैगंबरांनी कपाळाला आठी घालून तोंड फिरविले. कुराणातील 'अबस' ही ऐंशीवी सूरा याच प्रसंगावर आहे आणि तिच्यात या वागण्याबद्दल खुद्द पैगंबरांना समज दिलेली आहे. पुढे हेच इब्न उम्म मक्तूम मदिनेत बिलाल यांच्या जोडीने अजान देऊ लागले, आणि पैगंबर बाहेरगावी असताना नगराची जबाबदारीही त्यांच्यावर सोपविली गेली. खलिफा पहिला वलीद याने आठव्या शतकाच्या आरंभी पांगळ्यांना सेवक आणि अंधांना वाटाडे नेमून दिल्याचे व त्यांना भीक मागण्यापासून परावृत्त केल्याचे इतिहासकारांनी नोंदविले आहे.

वारसाहक्काच्या बाबतीत इस्लामी कायदा वेगळ्या वाटेने गेला. मृताचा खून करणारा आणि भिन्न धर्माचा यांसारखे मोजके अपवाद सोडले तर नात्याने ठरलेला हिस्सा कुणाचाही जात नाही. अंधत्व, बहिरेपण किंवा वेड या अपवादांत बसत नाही. अंध मुलाला डोळस भावाइतकाच वाटा मिळतो. ज्याला व्यवहार कळत नाही त्याचे धन त्याच्या हाती सोपवू नये, पण त्यातून त्याला जेवू-खाऊ घालावे, कपडालत्ता द्यावा आणि त्याच्याशी गोड बोलावे, असे कुराणाच्या चौथ्या सूरेत सांगितले आहे. व्यवहार पालक पाहतो; मालकी त्या व्यक्तीचीच राहते. मनूच्या आणि या नियमात अन्न-वस्त्र दोन्हीकडे आहे. ते कुणाच्या धनातून द्यायचे, एवढाच फरक आहे.

सत्तेच्या बाबतीत मात्र इस्लामी राजवटीही वेगळ्या नव्हत्या. अकराव्या शतकातील मावर्दी या विधिज्ञाने खलिफाची इंद्रिये आणि अवयव धडधाकट असावेत, अशी अट घातली होती. या अटीचे क्रूर रूप आपल्याच दख्खनने पाहिले. मराठवाडा बहामनी राज्यात होता तेव्हा, १३९७ मध्ये, गियासुद्दीन या तरुण सुलतानाचे डोळे तघलचीन नावाच्या सरदाराने काढले आणि त्याला गादीवरून दूर केले. डोळे गेले की हक्क गेला, हा नियमच शस्त्र बनला. त्याच घराण्यातील दुसरा अलाउद्दीन अहमद (१४३६ ते १४५८) याने बिदरमध्ये दवाखाना बांधला, त्याच्या खर्चासाठी गावे लावून दिली आणि तेथे हिंदू व मुसलमान असे दोन्ही वैद्य नेमले. दया आणि वंचना एकाच घराण्यात एकत्र नांदत होत्या.

किल्लारीचा प्रश्न

व्यंग हे पूर्वकर्माचे फळ आहे, ही समजूत हिंदू, बौद्ध आणि जैन घरांत खोल रुजलेली आहे. मज्झिमनिकायातील एका सुत्तात रोग आणि कुरूपता यांचा संबंध पूर्वीच्या कर्माशी जोडला आहे. परंतु संयुत्तनिकायात सीवक नावाच्या परिव्राजकाला उत्तर देताना बुद्धांनी वेदनेची आठ कारणे सांगितली आहेत. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, विषम वागणूक आणि आघात यांच्यानंतर कर्म हे आठवे कारण येते. सर्वच दुःख पूर्वकर्माने येते असे म्हणणारे अनुभवाच्या पलीकडे जाऊन बोलतात, असेही तेथे म्हटले आहे.

लातूरकरांना याचा पडताळा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आला. किल्लारीच्या भूकंपात लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. जे वाचले त्यांतील अनेकांचे हातपाय गेले, कुणाचा पाठीचा कणा निकामी झाला. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून झोपलेली ही धडधाकट माणसे सकाळी अपंग झाली होती. त्यांच्यात सर्व जातिधर्मांचे लोक होते. त्यांचे कर्म काय होते, असे त्या वेळी मदतीला धावलेल्या कुणी विचारले नाही. जाड दगडी भिंती आणि मातीचे माळवद हे कारण सर्वांच्या डोळ्यांसमोर होते.

जैन सिद्धांतातही देहाची ठेवण नामकर्माशी जोडलेली आहे, पण ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे. शिवाय असमर्थाची सेवा म्हणजे वैयावृत्य हे सहा आभ्यंतर तपांपैकी एक मानले आहे. पंडित सुखलाल संघवी (१८८० ते १९७८) यांची दृष्टी वयाच्या सोळाव्या वर्षी देवीच्या रोगाने गेली. दुकानाच्या व्यवहारास ते निरुपयोगी ठरले असते. त्यांनी ऐकून ऐकून संस्कृत आणि न्यायशास्त्र आत्मसात केले, सन्मतितर्कासारख्या कठीण ग्रंथाचे संपादन केले, आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शनाचे अध्यापन केले. त्यांच्या कर्माची चौकशी करीत घरचे आणि गुरुजन बसले असते, तर समाज एका प्रज्ञाचक्षू पंडिताला मुकला असता.

कायदा बदलला, घर बदलायचे आहे

मनु आणि मिताक्षरेची यादी आधुनिक कायद्याने दोन पायऱ्यांत पुसली. १९२८ च्या कायद्याने रोग, व्यंग किंवा शारीरिक-मानसिक दोष यांमुळे वाटा जाण्याची पद्धत बंद केली; जन्मतः वेडा किंवा जडबुद्धी असलेला तेवढा अपवाद राहिला. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता आणि मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दुसरी पायरी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याची. त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमानुसार कोणत्याही रोगामुळे, दोषामुळे किंवा व्यंगामुळे कुणीही वारसाहक्काला मुकत नाही. हा कायदा जैनांना लागू आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर मालमत्ता बाळगण्याचा, वारशाने मिळविण्याचा, स्वतःचे आर्थिक व्यवहार पाहण्याचा आणि बँकेकडून कर्ज घेण्याचा समान हक्क शब्दशः मान्य केला आहे. अंध ग्राहकाला धनादेश पुस्तिका, एटीएम किंवा लॉकर नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना कळविले आहे.

तरीही वाटणीच्या वेळी बहिऱ्या बहिणीची सही किंवा मतिमंद भावाचा अंगठा हक्कसोडपत्रावर घेतला जातो. त्यामागे लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा 'व्यवहार सोपा व्हावा' एवढाच हेतू असतो. परंतु सांभाळ करणारे आई-वडील जातात, भावांची मुले पुण्या-मुंबईला स्थिरावतात, आणि अन्नवस्त्राचे तोंडी वचन तिसऱ्या पिढीपर्यंत पोहोचत नाही. नावावर काही असेल तर ते सांभाळणाऱ्यालाही बळ देते.

त्यासाठी फार मोठे काही करावे लागत नाही. वडिलांनी हयातीतच इच्छापत्र करून दिव्यांग अपत्याचा वाटा स्पष्ट लिहावा. हवे तर त्या वाट्याचा खाजगी विश्वस्तनिधी करावा. ठेवीवर एखाद्या भावाचे नामनिर्देशन केले म्हणजे तो मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा असतो, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमून देते. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करण्याचे बंधन त्या पालकावर असते. हिशेबाची सवय असलेल्या घरांना हे जड जाऊ नये.

जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने १९७५ पासून लाखो अनोळखी माणसांना कृत्रिम पाय दिले. तिच्या आणि तशा अन्य संस्थांच्या शिबिरांना मराठवाड्यातील व्यापारी कुटुंबे हात सैल सोडून मदत करतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. दिवाळीत नव्या वह्यांचे पूजन होते तेव्हा त्या आतल्या खोलीतील भावाला किंवा आत्यालाही बाहेर बैठकीत आणून बसवावे, आणि नव्या वहीत त्यांच्या नावाचे पान उघडावे. त्या पानावर खर्चाच्या नोंदी होतीलच. जमेच्या बाजूला त्यांचा स्वतःचा हिस्सा लिहिला जावा.